सीटीला जायच्या आदल्या रात्रीची तयारी (डाईवाल्या)

परवा बाबांचा पोटाचा सीटी स्कॅन होता, विथ कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून डाई देऊन, आणि क्रिएटिनिनचा (किडनीसाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट घरी फ्रीजवर राहिला म्हणून दोन तास बाकावर बसलो, तेव्हा पहिलं काम तेच, रिपोर्ट रात्रीच पिशवीत टाका. ही डाई म्हणजे आयोडीनवालं औषध, आयोडीन एक्स-रे अडवतं म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसतात, आणि ती बाहेर जाते लघवीतून, त्यामुळे किडनी कशी चाललीये ते त्यांना आधी बघायचं असतं.

शुगरच्या गोळ्यांची स्ट्रिप सोबत घ्या. मेटफॉर्मिन असेल आणि ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला, किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर ती बंद ठेवायला सांगतात, मग ४८ तासांनी परत क्रिएटिनिन बघून चालू. काही सेंटरवाले सरसकट सगळ्यांनाच बंद करायला लावतात, आपल्या डॉक्टरला विचारा, मनाने काही करू नका. बीपीची गोळी मात्र घोटभर पाण्यासोबत घ्यायचीच, ती का चुकवतात लोक देव जाणे.

फॉर्मवर अ‍ॅलर्जीचा प्रश्न येतो. आमचे बाबा मालवणी, लगेच म्हणाले कोळंबीने खाज सुटते, लिही. लिहा हवं तर, पण माशांचा आणि डाईचा विशेष संबंध नाही, अ‍ॅलर्जी असते ती माशातल्या प्रोटीनची, आयोडीनची नाही, आयोडीनवालं मीठ तर रोज खातोच की. खरं सांगायचं ते हे की आधी कधी डाई दिल्यावर पित्त उठलं, दम लागला असं झालंय का. झालं असेल तर आदल्या दिवशीच फोन करा, कारण स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायच्या ठरल्या तर पहिली गोळी साधारण १३ तास आधी लागते, टेबलावर झोपल्यावर आठवून उपयोग नाही. दम्याचंही सांगा.

उपाशी या म्हणतात, चार तास वगैरे. हल्लीच्या डाईला त्याची गरज नाही असं युरोपातली गाइडलाइन म्हणते, पण काउंटरवर वाद घालून नंबर जाईल, त्यापेक्षा ऐका, फक्त पाणी चालेल का ते विचारून घ्या.

बाह्या सैल असलेला शर्ट, कोपराजवळ जाडसर सुई लावतात आणि मशीन सेकंदाला तीन-चार मिली या वेगाने डाई ढकलते. पेशंटला आधीच सांगून ठेवा की अंगभर गरम लाट येईल, तोंडात लोखंडासारखी चव येईल आणि कपड्यात लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही. बाबांना सांगायचं राहिलं, बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, अरे पँट बघ जरा. सुईपाशी मात्र दुखलं, फुगलं तर तिथल्या तिथे ओरडायचं, भिडेखातर गप्प राहू नका.

नंतर अर्धा तास तिथेच थांबा, पाणी प्या, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच. पुढे थायरॉइडचा आयोडीन स्कॅन ठरला असेल तर तो आधी उरका, नाहीतर काही आठवडे थांबावं लागतं. अंगावर पुरळ आठवडाभरात कधीही येऊ शकतं, तसं दिसलं तर फोन करा. बाबांना तिसऱ्या दिवशी पाठीवर आलं, धावत गेलो, निघालं घामोळं.