मोगऱ्याचा गजरा: कळी निवडण्यापासून माळण्यापर्यंत

गजरा ओवताना कळ्यांचा असावा आणि केसांत माळल्यावर फुलावा. चैत्र लागताच सांगलीत ऊन असे चढते की सकाळी उमललेले फूल दुपारपर्यंत मलूल होते. म्हणून घरी मोगऱ्याचा गजरा करू पाहणाऱ्याने हा एवढा नियम धरून चालावे, बाकीची कृती त्यातूनच ठरत जाते.

या नियमामागे फुलाचा स्वभाव आहे. मोगरा आणि जुई ही फुले दिवस कलताना उमलतात, कारण त्यांचे परागीभवन मुख्यतः रात्री उडणाऱ्या पतंगांकडून होते, आणि अंधारात पतंगांना बोलावण्यासाठी त्यांच्याजवळ पांढरा रंग व दाट सुगंध ही दोनच साधने असतात. आपल्या शृंगारपरंपरेने हा स्वभाव नेमका ओळखला. मदनाच्या पाच बाणांमध्ये अरविंद, अशोक, आम्रमंजरी आणि नीलोत्पल यांच्याबरोबर नवमल्लिकेला, म्हणजे मोगऱ्याच्याच कुळातील फुलाला, स्थान मिळाले. प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून स्वतःला आणि शयनघराला सजवणारी ‘वासकसज्जा’ नायिका फुलांवाचून पूर्ण होत नाही. गजरा हा संध्याकाळचा अलंकार आहे, हे लक्षात घेऊन तयारीची वेळ मागे मोजत यावे.

कळ्या शक्यतो सकाळीच, बाजारात माल ताजा असताना घ्याव्यात. देठाकडून फुगलेली, हिरवट झाक जाऊन पूर्ण पांढरी झालेली, पण टोक अजून मिटलेले, अशी कळी त्याच संध्याकाळी उमलते. हिरवट, बारीक कळी दिसायला कितीही गोंडस असली तरी खुडल्यानंतर ती बहुधा तशीच मिटलेली सुकते, म्हणून ती निवडून बाजूला काढावी. घरी आणल्यावर कळ्या पाण्यात बुडवू नयेत, कारण पाणी साचलेल्या पाकळीवर तपकिरी डाग पडतो. घट्ट पिळलेल्या ओल्या सुती फडक्यात किंवा केळीच्या पानात त्या सैलसर गुंडाळून सावलीत ठेवाव्यात.

धागा केळीच्या सोपटाचा मिळाला तर उत्तम. वाळलेले सोपट थोडा वेळ भिजवले की त्याचे नखाने बारीक धागे सुटतात, आणि हा धागा नायलॉनसारखा देठ कापत नाही. तो नसेल तर जाड सुती दोरा ओला करून घ्यावा. सुईत ओवलेला गजरा लवकर होतो खरा, पण सुई कळीच्या देठाला भोक पाडते. गाठींनी बांधलेला गजरा जास्त टिकतो, म्हणून थोडा वेळ मोडला तरी तोच करावा. दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवावे म्हणजे तो ताणलेला राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. दोन कळ्या तोंड डावीकडे करून आणि दोन उजवीकडे करून अशा ठेवाव्यात की चारही देठ मध्यभागी एकमेकांवर येतील. दोऱ्याचा एक वेढा देठांभोवती घेऊन त्याचा फास करावा आणि तो मागच्या जोडीला भिडेपर्यंत सरकवावा. फास आवळताना देठ किंचित दबल्याचे बोटाला कळते, तिथेच थांबावे. आणखी ओढल्यास कळी तुटून हातात येते, आणि कमी ओढल्यास माळताना सगळी रांग घसरते. पहिल्या वीतभर गजऱ्यात हात बसत नाही, त्यानंतर बोटे आपोआप चालू लागतात.

कोणते फूल कुठे माळावे, याचे एक सुंदर उत्तर कालिदासाने ‘मेघदूता’त अलकानगरीच्या स्त्रियांचे वर्णन करताना दिले आहे. त्यांच्या हातात लीलाकमळ आहे, कुरळ्या केसांत कोवळा कुंद, अंबाड्यात कुरबक, कानावर शिरीष आणि भांगात पावसाळी कदंब. शिरीषाच्या फुलात नुसते मऊ तंतू असतात, त्याला केसांचा ताण सोसवणार नाही, म्हणून ते कानावर. फुलाचे वजन आणि नाजूकपणा पाहून जागा ठरवण्याची ही दृष्टी आजही उपयोगी पडते. मोगऱ्याचा भरगच्च गजरा अंबाड्याभोवती खालच्या बाजूने, मानेलगत बसवून दोन्ही टोकांना आकडे लावावेत. तिथे अंगाची ऊब मिळून वास अधिक पसरतो. केस आखूड असतील तर कानामागे दोन-तीन कळ्यांचा झुबका पुरतो. माळणारीला स्वतःला गजरा दिसत नाही, तिला त्याचा फक्त गंध येतो. म्हणून तो बघणाऱ्याइतकाच तिच्या स्वतःच्या सुखासाठी असतो, असे मी मानते.

याच कारणाने गजरा केवळ सवाष्णीचा, ही समजूत सोडून द्यावी. शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. हळदीकुंकवाला फुले वाटताना घरातल्या किंवा गल्लीतल्या विधवेसमोरून तबक पुढे नेऊ नये, तिलाही तितक्याच आदराने गजरा द्यावा.

मोगऱ्याचा बहर ओसरला की पावसाळ्यात जाई-जुई आणि थंडीत कुंद, शेवंती यांवर हीच कृती चालते. मात्र रानफुलांचा मोह आवरावा. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली सीतेची आसवे किंवा तेरडा केसांत माळण्यासाठी खुडू नयेत, ती तिथेच शोभतात आणि बी धरून पुन्हा उगवतात.

डोहाळजेवणात फुलांची वाडी भरताना मात्र सगळा विचार उलटा करावा लागतो. हिरव्या साडीवर फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा आणि वेणी ही आपल्याकडे येऊ घातलेल्या मातृत्वाची शोभा आहे, पण गर्भारपणात तीव्र वास अनेकींना सोसत नाही. मोगरा, सोनचाफा, केवडा असे सगळे एकत्र आल्यास तिला मळमळू शकते, म्हणून आधी तिलाच विचारावे. वास नको असेल तर बिनवासाची अबोली आणि सौम्य वासाची शेवंती यांचे दागिने करावेत. कंबरपट्ट्याला गाठीऐवजी फीत लावावी, म्हणजे ती थकली की कुणाची वाट न पाहता स्वतःच तो सोडू शकेल.