टेडी हातानं शिवताना या चुका टाळा

टेडीचा चेहरा वाकडा दिसायला लागला की हात आधी डोळ्यांकडे जातो. डोळे काढायचे, जरासे सरकवायचे, पुन्हा लावायचे. तरी अस्वल तिरकंच बघतं. मग नाक उसवायचं. असं करता करता मुस्कटावरचं कापड भोकाभोकांचं होतं आणि दोष जिथल्या तिथेच राहतो. दुरुस्तीला म्हणून जी अस्वलं माझ्या हातात येतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं दिसतं चेहऱ्यात, पण ते झालेलं असतं कापताना, शिवताना नाहीतर भरताना. म्हणून चुका ज्या क्रमानं होतात त्याच क्रमानं इथे घेतल्या आहेत.

हे सगळं संग्राह्य टेडीबद्दल आहे. डोकं, दोन हात, दोन पाय असे पाच फिरते सांधे, लवदार कापडाचं अंग, बहुधा काचेचे डोळे आणि हातानं टाके घालून भरलेलं नाक. मोठ्यांनी कपाटात जपायची वस्तू. पहिलंच अस्वल असेल तर ३० ते ३५ सेंटिमीटर उंचीचं घ्या. लहान अस्वल सोपं असेल असं वाटतं, पण बोटाएवढा हात उलटवून भरणं हे सरावाचं काम आहे.

कापड

बाजारात मीटरवर मिळणारी ॲक्रिलिक फर बहुधा जर्सीसारख्या विणीवर असते, म्हणजे ताणली जाते. अशा कापडाचं अस्वल शिवताना छान दिसतं आणि भरायला घेतलं की फुगत सुटतं. मान नाहीशी होते, मुस्कट पसरतं, हातपाय जाड होतात. पॅटर्न चुकीचा आहे असं वाटून लोक पॅटर्न बदलतात. बदलायला हवं असतं कापड. विकत घेण्याआधी दुकानातच ते उभं-आडवं ओढून बघा.

मोहेर ताणत नाही, कारण अंगोरा शेळीच्या केसांची ती लव पाठच्या सुती विणीत घट्ट विणलेली असते. जर्मनीतल्या ड्यूसबर्गच्या श्टाइफ शुल्टे गिरणीचं मोहेर जगभरचे टेडी कारागीर वापरतात. आपल्याकडे ते बाहेरून मागवावं लागतं आणि महाग पडतं, तेव्हा सुरुवात फरवर करायला काहीच हरकत नाही, फक्त तिची पाठ पक्की करून घ्या. शर्टाच्या कॉलरला टेलर जे फ्यूजिंग लावतात, ते फरच्या उलट्या बाजूला, वर सुती कापड ठेवून, अगदी मंद इस्त्रीनं चिकटवा. ॲक्रिलिक उष्णतेनं वितळतं, त्यामुळे आधी तुकड्यावर करून बघा. नाहीतर प्रत्येक भागाला पातळ सुती अस्तर कापून दोन्ही एकत्र टाचून घ्या. वेळ जास्त लागतो, पण आकार टिकतो.

कापणं

इथे झालेली चूक पुढे कशानंच भरून निघत नाही, म्हणून इथे सावकाश.

पहिलं म्हणजे कापड दुमडून कापायचं नाही. ब्लाउज कापताना दुहेरी घडी घालायची सवय असते, पण लवदार कापडाची घडी सरकते आणि खालचा भाग वेगळ्याच मापाचा निघतो. एकेरी कापड उलट्या बाजूनं पसरा. पॅटर्न पुठ्ठ्यावर किंवा जुन्या एक्स-रे फिल्मवर कापून घ्या, म्हणजे कडा टोकदार राहतात आणि बॉलपेननं नीट गिरवता येतं. ठळक मार्कर नको. फिक्या मोहेरवर त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते.

दुसरी चूक जोडीची. दोन्ही हात, दोन्ही पाय, डोक्याच्या दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या उलट लागतात. पॅटर्न एकदा सरळ आणि एकदा पालथा ठेवून गिरवायचा. हे विसरलं की दोन डावे हात तयार होतात, आणि ते कळतं सांधे जोडताना. सगळे भाग गिरवून होईपर्यंत कात्री हातात घेऊ नका. सगळे गिरवले की मोजा, जोड्या लावा, प्रत्येकावर ‘डावा आतला’, ‘उजवा बाहेरचा’ असं लिहा आणि सांध्याची खूण आतल्याच भागावर आहे ना ते बघा.

तिसरी, लवेची दिशा. हात फिरवल्यावर ज्या बाजूला लव गुळगुळीत बसते ती तिची दिशा. पॅटर्नवरचा बाण त्या दिशेला हवा. अंगाची लव खाली, हातपायांची पंजाकडे. कापड वाचवायला एखादा भाग आडवा बसवला की तो भाग पूर्ण अस्वलात वेगळ्या रंगाचा दिसतो, कारण उजेड त्याच्यावर वेगळा पडतो. डोक्याच्या एका बाजूला असं झालं तर चेहरा कायमचा वाकडा वाटतो, डोळे कितीही मोजून लावा.

चौथी कात्रीची. मोठी टेलरिंगची कात्री लवेसकट कापते आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना टक्कल पडल्यासारखी रेघ दिसते. छोटी, टोकदार कात्री घ्या. तिचं खालचं टोक लवेखालून, पाठच्या विणीला चिकटून सरकवा आणि फक्त वीण कापा. कापलेला भाग झटकल्यावर केसांचे तुकडे भुरभुरले तर लव कापली जातेय.

शिवण

टाचण्या लावून थेट मशीनवर घेऊ नका. लवेच्या दोन थरांमध्ये घर्षण कमी, त्यामुळे वरचा थर पुढे सरकतो. आधी कडेवरून गुंफत टाके घाला आणि घालताना बाहेर आलेली लव सुईनं आत ढकला. मग ५-६ मिलिमीटर माया ठेवून, २ मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक टीपेनं शिवा. हातानं शिवत असाल तर उलटी टीप. साधा धावदोरा भरताना उकलतो. दोरा पॉलिएस्टरचा, मजबूत. उलटवल्यावर शिवणीत अडकलेली लव दाभणानं बाहेर काढली की शिवण दिसेनाशी होते.

आता डोक्याची मधली कळी, म्हणजे नाकापासून कपाळावरून मानेपर्यंत जाणारी पट्टी. वाकड्या चेहऱ्याचं सगळ्यात मोठं कारण इथे असतं. एका बाजूच्या मानेपासून सुरू करून, नाकाला वळसा घालून, दुसऱ्या मानेपर्यंत एकाच दमात शिवलं की कापड हळूहळू ओढलं जातं आणि कळीचं टोक एका बाजूला सरकतं. कळीच्या नाकाकडच्या टोकाचा मध्य खूण करा. तो हनुवटीच्या शिवणीवर बरोबर बसवून तिथेच पक्का टाका घाला. मग नाकापासून मानेपर्यंत एक बाजू, पुन्हा नाकापासून मानेपर्यंत दुसरी.

भरण्याआधी एक तपासणी करा. डोकं उलटवा, आत दोन बोटं घाला आणि नाक समोर धरून बघा. हनुवटीची शिवण आणि कळीवरची खूण एका उभ्या रेषेत यायला हव्यात. दोन-तीन मिलिमीटरचा फरक इथे क्षुल्लक वाटतो, पण भरल्यावर तोच नाकाचा कल होतो. फरक असेल तर उसवा. रिकामं डोकं उसवायला पाच मिनिटं लागतात, भरलेलं उसवायला संध्याकाळ जाते.

भरणं

रिक्रॉनचे मोठे गोळे कोंबले की अस्वलाच्या अंगावर गाठी दिसतात आणि गाठींच्या मध्ये पोकळ जागा राहतात. छोटे पुंजके विस्कटून घ्या, चॉपस्टिकच्या बोथट टोकानं टोकांपासून सुरुवात करत भरा. डोक्यात पहिलं नाक. मुस्कट इतकं घट्ट हवं की अंगठ्यानं दाबल्यावर खळगा पडता कामा नये. नाकाचे टाके खेचले जातात तेव्हा त्यांना आतून आधार लागतो. मऊ मुस्कटावर टाक्यांनी नाक भरलं की ते आत ओढलं जातं आणि तोंड चिमटल्यासारखं दिसतं. इथे टाके बदलून काहीही होत नाही, मान उघडून भरण वाढवावं लागतं.

पोटात वजनासाठी छर्रे घालत असाल तर साधे लोखंडी घालू नका. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ते गंजतात आणि फिक्या मोहेरवर डाग उमटतात. स्टेनलेस स्टीलचे किंवा काचेचे मणी घ्या, आणि तेही घट्ट विणीच्या कापडाच्या छोट्या पिशवीत शिवून.

सांधे

सैल सांध्याची तक्रार टेडीइतकीच जुनी आहे. जर्मनीतल्या गिंगेनच्या श्टाइफ या खेळण्यांच्या कारखान्यात रिचर्ड श्टाइफनं १९०२ मध्ये आखलेलं ५५ पीबी हे अस्वल १९०३ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडलं गेलं. त्याचे हातपाय दोऱ्यानं जोडलेले होते आणि दोरा ढिला पडतो. मग त्यांनी धातूच्या सळ्या वापरून पाहिल्या आणि १९०५ पर्यंत चकतीच्या सांध्यावर आले. आजही छंद म्हणून शिवणारे तीच रचना वापरतात: दोन चकत्या, दोन वॉशर आणि मधून जाणारी स्प्लिट पिन, म्हणजे दोन पाय फाकवता येणारी पिन.

पिनेचे पाय नुसते फाकवून सपाट केले तर सांधा महिन्याभरात लोंबतो. चिमट्याच्या पक्कडीनं प्रत्येक पाय आधी वर ओढायचा आणि मग बाहेरच्या बाजूला गोल वळवून वॉशरवर दाबून बसवायचा. नुकता जोडलेला हात फिरवायला जोर लागायला हवा, जवळजवळ जास्तच घट्ट वाटायला हवा, कारण चकतीभोवतीचं भरण पुढे दबतंच. पाठीची शिवण त्याच दिवशी बंद करू नका. सगळे सांधे रात्रभर तसेच ठेवा, सकाळी पुन्हा आवळा, मगच शिवा. नटबोल्ट वापरत असाल तर नायलॉनवाला लॉकनट घ्या. साधा नट फिरवता फिरवता सुटतो.

पिनेसाठी भोक कात्रीनं पाडू नका. टोच्यानं धागे बाजूला सारून पिन घाला, म्हणजे वीण तुटत नाही. कापलेलं भोक वाढत जातं आणि एक दिवस हात पिनेसकट बाहेर येतो. असं झालेलं अस्वल दुरुस्त होतं, पण आतून कापडाचं ठिगळ चिकटवून आणि शिवून.

अस्वल बसवल्यावर एका बाजूला कलत असेल तर दोन्ही पायांच्या सांध्यांची उंची मोजा. मोजपट्टीवर विसंबण्यापेक्षा जोडण्याआधी रिकाम्या धडातून एक लांब सुई आरपार घालून दोन्ही खुणा समोरासमोर आहेत का ते बघणं जास्त खात्रीचं.

चेहरा

इथवर सगळं ठीक असेल तर चेहरा फार त्रास देत नाही.

नाक भरायच्या जागेची लव आधी कातरावी लागते. कात्री कापडाला समांतर धरून, थोडं कातरून, थांबून, लांबून बघत. कापलेली लव परत येत नाही, त्यामुळे कमी कातरणं नेहमी बरं. नाकाच्या आकाराचा फेल्टचा तुकडा हलकेच चिकटवा आणि त्याच्यावरून भरतकामाच्या आठ नंबरच्या पर्ल दोऱ्यानं उभे टाके घाला. पहिला टाका बरोबर मध्ये, मग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. एका टोकापासून सुरू केलं तर दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत टाके तिरके झालेले असतात. वरची कड असमान राहिली तर शेवटी तिच्यावर एक लांब आडवा टाका पुरतो.

डोळ्यांच्या जागी आधी काळ्या मण्यांच्या टाचण्या लावा. जागा साधारणपणे कळीच्या शिवणीवर, मुस्कट जिथे कपाळाला मिळतं तिथे. वर गेले की अस्वल दचकल्यासारखं दिसतं, फार जवळ आले की लबाड. मोबाइलवर समोरून फोटो काढा आणि तो आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटा करून बघा. रोज बघून सरावलेल्या नजरेला जो कल दिसत नाही, तो उलट्या फोटोत लगेच दिसतो. शक्य असेल तर एक रात्र तसंच ठेवून सकाळी ठरवा.

काचेच्या डोळ्यांना मागे तारेचा फासा असतो. तो पक्कडीनं चेपून अरुंद करा, टोच्यानं पाडलेल्या भोकात तो पूर्ण गेला पाहिजे. दोरा मेण लावलेला, मोचीकाम करणारे वापरतात तसा मजबूत. लांब सुईनं दोन्ही टोकं डोक्यातून आरपार नेऊन कानाखालच्या जागी बाहेर काढा. दोन्ही टोकं एकाच भोकातून आली तर गाठ आत निसटते. त्यांच्यामध्ये काही मिलिमीटर अंतर ठेवा. दुसऱ्या कुणाला अंगठ्यानं डोळा आत दाबून धरायला सांगा आणि मग गाठ मारा. एकच डोळा जास्त आत जात असेल तर दोरा ढिला करण्याआधी सुई घालून त्यामागचं भरण उचलून बघा. बऱ्याचदा तिथे पोकळी सापडते.

कान सर्वात शेवटी, कारण तेच गाठी झाकतात. सपाट लावू नका. खालची कड थोडी वक्र करून टाचा, म्हणजे कानाला खोली येते.

पाठ शिवण्याआधी आणि नंतर

पाठ बंद करण्याआधी शिवणीत लेबल घाला: तुमचं नाव, वर्ष, कापड, भरण. संग्राहक या माहितीला किंमत देतात. डिसेंबर १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात ‘टेडी गर्ल’ हे श्टाइफचं अस्वल १,१०,००० पौंडांना विकलं गेलं. मालक कर्नल बॉब हेंडरसन यांच्या लहानपणापासूनचा त्याचा इतिहास ज्ञात होता, हा त्या किमतीचा मोठा भाग. मात्र कानात धातूचं बटण लावू नका. १९०४ पासून ती श्टाइफची खूण आहे. दुसऱ्याच्या पॅटर्नवरून केलेलं अस्वल विकणार असाल तर पॅटर्न करणाऱ्याची परवानगी आहे का ते आधी बघा.

विकताना ‘खेळणं’ म्हणून विकू नका. काचेचे डोळे आणि धातूच्या पिना लहान मुलांच्या हातात द्यायच्या नसतात. शिवाय भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणन सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यात सूट आहे. लेबलवर ‘संग्रहासाठी, मुलांसाठी नाही’ असं स्पष्ट लिहा.

मोहेर म्हणजे प्राण्याचे केस, तेव्हा लोकरी कपड्यांसारखीच त्याला कसर लागते. घट्ट प्लास्टिकमध्ये ठेवलं तर पावसाळ्यात दमट वास धरतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या अंगाला लागू देऊ नका, आणि दर दोन महिन्यांनी बाहेर काढून मऊ ब्रश फिरवा, पण थेट उन्हात ठेवू नका, रंग उडतो. कसर दिसलीच तर अस्वल पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर लवेवर पाणी धरतं.