टेक्सासची चिली : सगळी मदार मिरचीच्या वाटणावर

टेक्सासमध्ये ज्याला ‘चिली’ म्हणतात ते म्हणजे सुक्या लाल मिरच्यांच्या वाटणात दोन-दोन तास मंद आचेवर शिजवलेलं मांस. आपल्याकडच्या हॉटेलातल्या चिली चिकनशी त्याचं नातं नावापुरतंच. स्पॅनिशमधलं मूळ नाव ‘चिली कॉन कार्ने’, म्हणजे मांस घातलेली मिरची. नावातही मिरची आधी येते आणि भांड्यातही तिलाच पहिला मान द्यायचा असतो. सान अँटोनिओच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायका संध्याकाळी चुली पेटवून चिली विकायच्या. त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा पदार्थ ठरवलं.

वाटण करायला बसणाऱ्या मराठी माणसाला यातलं निम्मं काम आधीच येतं. मिरची भाजायची, भिजवायची, वाटायची, तेल सुटेपर्यंत परतायची. फरक एवढाच की खोबरं नाही, गरम मसाला नाही, हळद नाही. जिरं, लसूण, कांदा आणि ओरेगानो, बस्स. हात शिवशिवला तरी धणेपूड घालू नका. तिने रस्सा दाट होतो खरा, पण मिरचीची चव मागे पडते.

सुरुवातीलाच एक सावधगिरी. अमेरिकन पाककृतीत ‘तीन टेबलस्पून चिली पावडर’ असं लिहिलेलं असेल तर ते आपलं तिखट नव्हे. ती तयार मसाल्याची पूड असते : सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो, लसूण आणि बऱ्याचदा मीठही. १८९०च्या दशकात टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्सच्या विल्यम गेबहार्ट यांनी अशी पूड बाजारात आणली. तिच्या जागी तेवढंच लवंगी किंवा संकेश्वरी तिखट घातलं तर भांडं ओतून द्यावं लागेल. तीन मोठ्या चमच्यांच्या बदली दोन मोठे चमचे काश्मिरी मिरची पूड, दोन छोटे चमचे भाजल्या जिऱ्याची पूड, एक छोटा चमचा ओरेगानो आणि एक छोटा चमचा लसणाची पूड, असं प्रमाण घ्या. (इथे छोटा चमचा ५ मिलीलिटरचा आणि मोठा १५ मिलीलिटरचा.) पण पुडीची चिली ही घाईची चिली. अख्ख्या मिरच्यांची चव तिला येत नाही.

मिरच्या कोणत्या

एकाच मिरचीवर भागवू नका. एक गोडसर आणि गरदार हवी, एक रंगाला, एक तिखटपणाला. टेक्सासमध्ये पहिली जागा आंचोची. पोब्लानो मिरची पिकवून वाळवली की आंचो होते. रुंद, काळपट लाल, सुरकुतलेली, आणि वासाला मनुकांच्या जवळची. दुसरी ग्वाहियो : लांब, गुळगुळीत, तकतकीत, हिच्यामुळे लाल रंग येतो. तिसरी बारीक आणि झणझणीत चिले दे आर्बोल. धुराचा वास आवडत असेल तर एखादी चिपोटले घाला. ती म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. दोनपेक्षा जास्त घातल्या तर सगळ्या भांड्याला धुराचाच वास येतो.

सव्वा किलो मांसाला पाच आंचो, पाच ग्वाहियो आणि दोन आर्बोल, म्हणजे साधारण ९० ग्रॅम. अमेरिकेत राहणाऱ्यांना या मिरच्या कुठल्याही मेक्सिकन दुकानात मिळतात. भारतात ३० ग्रॅम काश्मिरी आणि १५ ग्रॅम ब्याडगी घ्या. आपल्या मिरच्यांची साल पातळ, गर कमी आणि तिखटपणा जास्त, म्हणून वजन निम्म्यावर आणलं आहे. आंचोचा गोडवा भरून काढायला दहा काळ्या मनुका मिरच्यांबरोबरच भिजत घाला. चव अगदी तीच येत नाही, पण त्या वळणावर नक्की जाते.

मिरची वाकवून पाहा. चांगली मिरची चामड्यासारखी वाकते. कडकन तुटून चुरा झाला तर ती जुनी झाली आहे, रंग देईल पण वास देणार नाही. ब्याडगी मात्र मुळातच पातळ आणि कुरकुरीत. ती रंगावर आणि वासावर पारखा.

बाकीचं साहित्य

सव्वा किलो बिनहाडाचं मांस, कांदे दोन मध्यम, लसूण आठ पाकळ्या, जिरं दोन छोटे चमचे, ओरेगानो दीड छोटा चमचा (मेक्सिकन मिळाला तर उत्तम, ती वेगळीच वनस्पती आहे, वास उग्र आणि लिंबाकडे झुकणारा), तेल तीन मोठे चमचे, मीठ अडीच छोटे चमचे, पाणी किंवा हाडांचं पाणी एक लिटर, मासा हारिना (मक्याचं खास पीठ, माशाशी संबंध नाही) दोन मोठे चमचे, शेवटी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एक मोठा चमचा. सहा जणांना पुरतं.

टेक्सासमध्ये गाईच्या खांद्याचं मांस वापरतात. महाराष्ट्रात करायची तर बकऱ्याचा खांदा आणि मांडी मिळून घ्या. थोडी चरबी आणि शिरा असू द्या. त्या शिरांतलं कोलॅजन शिजून विरघळतं, त्यानेच रस्सा ओठांना चिकटेल असा होतो. निव्वळ लुसलुशीत मांस घेतलं तर ते दोन तासांनी कोरडं होतं आणि धाग्यांसारखं सुटतं. तुकडे दोन सेंटिमीटरचे करा. खिमाही चालतो, पण त्याला वेगळीच, सैल अशी चव येते.

कृती

कात्रीने देठ कापा, मिरची उभी चिरा, बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढा. तिखटपणा मुख्यतः शिरांत असतो. आता लोखंडी तवा मध्यम आचेवर. मिरची पसरून उलथन्याने दाबा. आंचोला एका बाजूला वीस-पंचवीस सेकंद, पातळ ब्याडगीला दहासुद्धा पुरेत. साल किंचित फुगते, आतली बाजू विटकरीवरून तपकिरी होते आणि वास घरभर पसरतो. तोच क्षण. निळसर धूर दिसला आणि ठसका लागला म्हणजे उशीर झाला. काळी पडलेली मिरची फेकून द्या, कारण तिच्या एकीचा कडूपणा सगळ्या भांड्यात उतरतो आणि तो गुळाने झाकला जात नाही.

भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. वर बशी ठेवा, नाहीतर त्या तरंगत राहतात. भिजवलेलं पाणी चाखून पाहा. कडवट लागलं तर ओता, नाहीतर त्यातलंच वाटणाला वापरा. मिक्सरमध्ये लसूण घालून तीन मिनिटं तरी फिरवा, गंधासारखं बारीक व्हायला हवं. सालीचे तुकडे बोटांना लागले तर चाळणीतून गाळा. जिरं वेगळं भाजून जाडसर कुटा.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून मांस तीन-चार हप्त्यांत परता. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि मांस तळायच्या ऐवजी उकडतं. आवाजावर लक्ष ठेवा : आधी बुडबुड्यांचा ओला आवाज येतो, पाणी आटलं की चरचर सुरू होते. त्यानंतर दोन मिनिटांत तपकिरी थर धरतो. सगळ्या बाजू लाल करत बसायची गरज नाही, एक-दोन बाजू पुरतात. तुकडे बाजूला काढा.

त्याच तेलात बारीक चिरलेला कांदा सात-आठ मिनिटं मऊ करा, बुडाला लागलेलं खरवडत राहा. वाटण घाला. ते उडतं, म्हणून झाकण अर्धवट ठेवा. पाच-सहा मिनिटांत रंग भडक लालचा विटकरी होतो आणि कडेने तेल सुटतं. कच्चं वाटण राहिलं तर शेवटपर्यंत घशाला खरखर जाणवते. जिरं आणि ओरेगानो घालून अर्धा मिनिट परता, मग मांस, पाणी आणि निम्मं मीठ. उरलेलं मीठ शेवटी, कारण रस्सा आटणार आहे.

एक उकळी आली की आच अगदी कमी करा. मिनिटाला चार-पाच बुडबुडे दिसावेत इतकीच. खळखळ उकळलं तर मांस आखडतं. बकऱ्याला दीड ते दोन तास, गाईच्या मांसाला अडीच. कुकरमध्ये चार शिट्ट्यांत मांस शिजेल, पण रस्सा आळत नाही. नंतर अर्धा तास उघड्यावर ठेवावाच लागतो.

मासा हारिना म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचं पीठ. थंड पाण्यात कालवून शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला, गरम रश्श्यात कोरडं टाकलं तर गाठी होतात. ते नसेल तर मक्याचं पिवळं पीठ दीड मोठा चमचा खमंग भाजून घ्या. पांढरं कॉर्नफ्लोअर नको, ते नुसतं स्टार्च असतं, त्याने रस्सा चायनीज सूपसारखा बुळबुळीत होतो. शेवटी व्हिनेगर घालून चाखा.

बिघडलं तर

चव सपाट लागली तर बहुतेक वेळा मीठ किंवा आंबट कमी असतं. जिरं वाढवू नका. फार तिखट झाली तर पाणी घालून उपयोग नाही. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. वाढताना घट्ट दही किंवा किसलेलं चीज वर घाला. तेलाचा जाड तवंग आला तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी थिजलेली चरबी चमच्याने निघते. तसंही चिली दुसऱ्या दिवशीच जास्त चांगली लागते, पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी करून ठेवा.

घेवडा, राजमा हा टेक्सासमध्ये भांडणाचा विषय. तिथल्या चिलीच्या मोठ्या स्पर्धांत कडधान्य चालत नाही. शाकाहारी घरात मात्र राजमाच पदार्थ उभा करतो : ४०० ग्रॅम राजमा रात्रभर भिजवा, पाणी बदलून कुकरमध्ये मऊ शिजवा आणि मगच वाटणात सोडा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं द्रव्य मंद आचेवर निष्क्रिय होत नाही आणि पोट बिघडतं, निदान दहा मिनिटं खळखळून उकळणं आवश्यक आहे. टोमॅटो किंवा व्हिनेगर आधी पडलं तरी दाणे कडक राहतात. मांसाचा ऐवज म्हणून २०० ग्रॅम मश्रूम बारीक चिरून, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतून घाला.

वाढताना बारीक कांदा, किसलेलं चेडार, जोडीला मक्याचा पाव किंवा खारी क्रॅकर बिस्किटं. गरम ज्वारीच्या भाकरीबरोबरही छान लागते. उरली तर फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये तीन महिने टिकते. पुन्हा गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला, कारण मक्याचं पीठ रात्रीतून रस्सा शोषून घेतं.