वाळवंटातल्या सहलीत फोनचं घड्याळ चकवतं तेव्हा

अमेरिकेत युटा राज्यातलं झायन राष्ट्रीय उद्यान, शेजारच्या ॲरिझोना राज्यातलं ग्रँड कॅन्यन असा आठवडाभर गाडीने फिरायचा बेत असेल, तर मार्च ते नोव्हेंबर एक भानगड होते. उन्हाळी वेळेमुळे (डेलाइट सेव्हिंग) युटात घड्याळ तासभर पुढे, ॲरिझोनात नाही, आणि ॲरिझोनातल्याच नावाहो या मूळनिवासी जमातीच्या प्रदेशात पुन्हा पुढे! सीमेजवळच्या पेज गावात फोन टॉवर बदलेल तशी वेळ बदलतो. खोलीत ७:३०, पार्किंगमध्ये ८:३०.

१. फोनमधली आपोआप वेळ बंद करा, फिनिक्सची (म्हणजे ॲरिझोनाची) लावा.
२. प्रत्येक बुकिंगपुढे कुठली वेळ ते लिहून ठेवा.
३. जुनं मनगटी घड्याळ असेल तर बेस्टच.

पेजजवळचं अँटिलोप कॅन्यन नावाहो हद्दीत असलं, तरी तिथल्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने निघतात. नावाहो हद्दीतल्याच मॉन्युमेंट व्हॅलीत मात्र नावाहो वेळ धरा.