यूपीआय वापरताना आणि बँकेचा मेल उघडताना काय पाहावं

सुरुवात फोनपासून करा. पेमेंट ॲप अधिकृत स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाइल), मग ती आरटीओचं चलन म्हणून येवो की लग्नपत्रिका म्हणून, इन्स्टॉल करू नका. अशी ॲप तुमचे ओटीपी परस्पर वाचू शकतात. फोनचं लॉक आणि यूपीआय पिन वेगवेगळे ठेवा.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो लागतो पैसे पाठवायला किंवा शिल्लक पाहायला. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला एखादा अनोळखी व्यापारी म्हणाला, ‘ॲडव्हान्स पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका,’ तर फोन तिथंच ठेवून द्यावा. नाशिकच्या रविवार कारंजावरच्या दुकानात स्कॅन केल्यावर स्क्रीनवर जे नाव येतं ते दुकानदाराला विचारून मगच रक्कम टाका. स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असू शकतं. दुकानदारांनीही गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर न जाता स्वतःच्या खात्यात रक्कम आली का ते पाहावं.

आता मेल. इथं घाई नको. वर दिसणारं ‘अमुक बँक’ हे नाव कोणीही टाकू शकतं, म्हणून त्या नावावर टॅप करून खरा पत्ता उघडा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती, म्हणून बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता त्यानेच संपायला हवा. लिंकवर बोट दाबून धरलं की तिचा पूर्ण पत्ता दिसतो. त्यातल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेषेपर्यंतचा भाग शेवटाकडून वाचा. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अमुक डॉट कॉम’ हा पत्ता बँकेचा नाही, शेवटच्या ‘केवायसी-अमुक डॉट कॉम’वाल्याचा आहे. फसवे मेल हल्ली शुद्ध मराठीतही येतात, त्यामुळे भाषेच्या चुका शोधून भागत नाही. ‘आज रात्री खातं बंद होईल’ असा धाक दिसला की लिंक सोडा आणि बँकेचं ॲप स्वतः उघडून पाहा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे असतो. २०२७च्या सिंहस्थासाठी खोलीच्या बुकिंगचे मेल येतील, तेव्हाही पत्ता असाच तपासा आणि हॉटेलला फोन केल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

तरीही पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते गोठवता येतात, म्हणून मिनिटं मोलाची आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात म्हटलं होतं की चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पिन स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला. घरातल्या वडीलधाऱ्यांवर अशा वेळी रागावू नका, भीतीपोटी ती झालेली फसवणूक लपवतात आणि वेळ जातो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) लिहून ठेवा, फसवा मेल किंवा मेसेज डिलीट करू नका. तक्रारीत दोन्ही लागतात.