डॉग शोला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

आमचा लॅब्रॅडोर पहिल्या शोमध्ये जजसमोर तीनदा खाली बसला. मी लिव्हरचा तुकडा दाखवला की तो बसायचा, कारण मुलुंडच्या घरात आम्ही त्याला वर्षभर तेच शिकवलं होतं. रिंगमध्ये मात्र कुत्र्याने चारही पायांवर स्थिर उभं राहायचं असतं. त्याला 'स्टॅक' म्हणतात. त्या दिवशी तो शहाण्यासारखाच वागला. चूक पूर्णपणे माझी होती. घरात लाडाने लावलेल्या सवयीच रिंगमध्ये आड येतात.

म्हणून शोच्या निदान दोन महिने आधी 'सिट'वर खाऊ देणं थांबवा. 'स्टँड' म्हणा आणि तुकडा त्याच्या नाकासमोर, नाकाच्याच उंचीवर धरा. हात डोक्यावर नेलात की मान वर होते आणि मागचा भाग खाली टेकतो. बसलाच तर पट्टा ओढू नका. स्वतः एक पाऊल पुढे टाका, तो आपोआप उठतो.

दुसरी अडचण चालीची. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर आपली कुत्री अंग आखडून चालतात आणि खाली नेलं की दर खांबाला थांबतात. जजला पाहायची असते दुडकी चाल, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र. एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पडू लागले तर बहुधा तुमचा वेग कमी पडतोय किंवा कुत्रा थकलाय. झटकन वळा आणि थोडं जोरात निघा, चाल सुधारते. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला ठेवून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरण्याचा सराव पहाटे, मैदान मोकळं असताना करा. नखं वाढू देऊ नका. नखं लांब असली की पंजा पसरतो आणि चालही बिघडते.

वजनाबद्दल मी जरा कडक बोलते. जातीच्या मानकानुसार लॅब्रॅडोर नराची उंची 56 ते 57 सेंटिमीटर असते, आणि या उंचीवर चढलेली चरबी 'भरदार' दिसत असली तरी तो दोषच आहे. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. आजी-आजोबांच्या हातची चपाती बंद करणं जड जातं, पण करावंच लागतं.

आदल्या रात्री कंडिशनर लावून आंघोळ घालू नका. लॅब्रॅडोरचे केस हाताला थोडे राठ लागायला हवेत. मऊ, चोपडे झाले की कोट बिघडला. दोन-तीन दिवस आधी आंघोळ घाला आणि आपल्या दमट हवेत आतली लव पूर्ण वाळवा, नाहीतर कातडीला खाज सुटते.

जज तोंड उघडून दात पाहतात, नराचे दोन्ही अंडकोष तपासतात. सोसायटीतल्या ओळखीच्या लोकांना आधीपासून त्याच्या तोंडाला, पाठीला हात लावू द्या. घरच्यांशिवाय कोणी हात न लावलेला कुत्रा त्या क्षणी मागे सरतो.

कागदपत्रं सोपी आहेत, पण उशीर नडतो. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी आणि मायक्रोचिप लागते. 'पेपर नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका, आणि नोंदणी तुमच्या नावावर करून घ्या. प्रवेशिका शोच्या बऱ्याच आधी बंद होतात. रेबीजची लस चुकवू नका.

शोच्या दिवशी सकाळी पोटभर जेवण नको. घरचंच पाणी आणि ओला टॉवेल सोबत ठेवा. हिवाळ्यातही मुंबईत दुपारी ऊन चढतं.

शेवटची चूक घरच्यांची. बाहेरून हाक मारून कुत्र्याचं लक्ष वेधणं म्हणजे डबल हँडलिंग, ते चालत नाही. आमच्या पहिल्या शोत मुलगी प्रेमाने त्याला हाका मारत राहिली आणि तो माझ्याकडे पाहीचना. आता घरचे लांब उभे राहतात, वारा रिंगकडून त्यांच्याकडे वाहील अशा बाजूला, म्हणजे त्यांचा वासही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.