नऊ गिटारींच्या तीन करताना काय काय बघायचं

घरात गिटारी जास्त झाल्यात हे आपल्याला आधी कळत नाही, घरच्यांना कळतं. माझ्याकडे नऊ झाल्या होत्या, चार अकूस्टिक, दोन इलेक्ट्रिक, एक नायलॉन तारांची, एक बारा तारांची आणि एक बेस, आणि मी कोण तर दिवसभर नोकरी करून रात्री तासभर वाजवणारा, गणपतीत आणि मित्राच्या हळदीत दोनचार गाणी म्हणणारा माणूस. आता तीन आहेत. हे करताना जे शिकलो ते सांगतो, कारण आपल्या खान्देशात गिटार नुसती ठेवून देणं म्हणजे तिला हळूहळू मारणंच आहे, आणि मुंबई पुण्याच्या लोकांचे सल्ले इथं अर्धेच लागू पडतात.

आधी उन्हाचं सांगतो कारण मला सगळ्यात जास्त ते शिकवून गेलं. जळगाव भुसावळकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे काही नवीन नाही, पण गिटारीला नुसती गरमी मारत नाही तर कोरडी हवा मारते. लाकडाला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के ओल लागते, मार्च ते जून आपल्याकडे दुपारी ती त्याच्या कितीतरी खाली जाते, मग लाकूड आखडतं, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाजूनं बाहेर येऊन बोटाला टोचायला लागतात, आणि पुढची फळी सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाची, असेल तर तडकते. आणि मग पाऊस आला की तेच लाकूड फुगतं, पोट वर येतं, तारा उंच होतात. माझी एक चांगली गिटार मी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली होती, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काढली तर ब्रिज, म्हणजे फळीवरची तारा अडकवायची पट्टी, मागच्या बाजूनं उचललेला, कागद आत जाईल एवढी फट. डिंक उष्णतेनं सैल पडला होता आणि तारांची ओढ तर चालूच होती. तिच्याकडे बघून फार वाईट वाटलं, वर्षभर मी तिला हातही लावला नव्हता. त्याच दिवशी ठरवलं की जेवढ्या सांभाळता येतील तेवढ्याच ठेवायच्या.

आणि कूलर. आपल्याकडे प्रत्येक घरात कूलर आहे, आणि गिटार त्याच खोलीत भिंतीला टांगलेली असते. रात्रभर ओली हवा आणि दिवसभर कोरडी, हा झटका नुसत्या कोरड्या हवेपेक्षा वाईट. कूलरच्या तोंडासमोर गिटार नको म्हणजे नको.

आता कुठली ठेवायची ते कसं ठरवायचं. लगेच ठरवू नका भो, आधी सगळ्या गिटारी वाजण्यासारख्या करा. खूप वेळा आपण एखादी वाजवत नाही त्याचं कारण ती वाईट असते असं नाही, तिच्या तारा गंजलेल्या असतात किंवा ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, एवढी वाढलेली असते की बार कॉर्ड धरताना, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबताना, बोट दुखतं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली स्केलपट्टी धरा, अकूस्टिकला दोन ते अडीच मिलिमीटर अंतर ठीक, तीनच्या वर गेलं की हात दमणारच. मग नेक म्हणजे मान बघा, पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावायचा, नेक जिथं बॉडीला मिळते तिथं जाड तार दाबायची आणि मधे सातव्या आठव्या फ्रेटपाशी फट बघायची, जाड कागद जेमतेम सरकला पाहिजे. जास्त फट असेल तर ॲलन कीनं (सहाकोनी चावीनं) ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, एकदम जास्त नाही, आणि एक दिवस थांबून परत बघायचं. रॉड फिरत नसेल तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. इलेक्ट्रिकचा आवाज खरखरत असेल तर बहुतेक वेळा नॉबमधली धूळ असते, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीसेक वेळा फिरवला की जातं.

सगळ्या तयार झाल्या की प्रत्येकीच्या हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या खुंट्यांच्या टोकाला, दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधा आणि जेव्हा जेव्हा ती उचलून निदान एक गाणं पूर्ण वाजवाल तेव्हा तारीख टाका. दोन महिने. स्वतःला कसली जबरदस्ती करायची नाही, हात जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायचा. माझ्याकडे सगळ्यात साध्या लॅमिनेट (थर चिकटवलेल्या लाकडाच्या) अकूस्टिकच्या चिठ्ठीवर जागा उरली नाही आणि ज्या बारा तारांच्या गिटारीसाठी मी सहा महिने पैसे साठवले होते तिच्यावर एकच तारीख, तीही ट्यूनिंग करता करता संपलेल्या संध्याकाळची. चिठ्ठी बघितल्यावर मनाशी वाद घालायला काही उरत नाही.

तरी अडकलात तर काम विचारा, किंमत नाही. ही गिटार असं काय करते जे दुसरी करत नाही? फेंडर पद्धतीच्या गिटारीची तारेची लांबी साडेपंचवीस इंच असते आणि गिब्सन पद्धतीची पावणेपंचवीस, म्हणजे दुसरीवर तार थोडी सैल लागते, बेंड (तार ओढून सूर चढवणं) सोपा जातो. इलेक्ट्रिकमधे तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपमधे सिंगल कॉइलचा (एका वेटोळ्याचा) टोन वेगळा, हंबकरचा (दोन वेटोळ्यांचा) वेगळा. असा खरा फरक असेल आणि तुम्हाला तो लागत असेल तर दोन ठेवा. पण नुसता रंग वेगळा म्हणून दोन, हे मी केलं होतं आणि ते काही खरं नाही.

सॉलिड की लॅमिनेट हेही बघाच. आवाजाच्या भोकाच्या कडेला टॉर्च मारा, वरची लाकडाची रेघ कडेवरून सरळ आत उतरत असेल तर फळी सॉलिड, थरावर थर दिसले तर लॅमिनेट. सॉलिड गोड वाजते हे खरं, पण आपल्या हवेत तिची रोजची काळजी घ्यावी लागते, म्हणून माझं मत सांगतो, खान्देशात राहणाऱ्यानं सॉलिड एकच ठेवावी आणि बाहेर नेण्यासाठी एक लॅमिनेट. पहिली गिटार मात्र विकू नका, ती वाजत नसली तरी. मी विकली नाही, माझ्या तिनातली ती एक आहे.

विकायची वेळ कुठली? दहावी बारावीचे निकाल लागले की पोरं गिटार मागतात, आणि दुसरी लाट गणपतीच्या महिनाभर आधी. निकालाआधी भर उन्हाळ्यात नको, गिऱ्हाईक येत नाही आणि नेताना गाडीच्या डिकीत दोन तास उन्हात राहिली तरी ब्रिज सुटू शकतो.

जाहिरातीत सगळं खरं लिहा. फोटो दिवसाच्या उजेडात, पुढून, मागून, हेडस्टॉक, फ्रेट जवळून, आणि जिथं टवका उडालाय तिथला तर नक्कीच. कंपनीचं नाव नीट लिहा, गिब्सन अमेरिकेची आणि गिवसन आपल्या कोलकात्याची, एका अक्षरानं समोरच्याचा गैरसमज होतो आणि येणाऱ्याची खेप वाया जाते. भावाचं म्हणाल तर सुरुवातीच्या पातळीच्या गिटारीला नव्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाले तर मी देऊन टाकतो, लोक किती मागतात यापेक्षा किती दिवस ती जाहिरात तशीच पडून आहे ते बघा.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट घट्ट धरा. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. मला एकानं न बघता, भाव न करता गिटार घेतो म्हणून सांगितलं, बदलीवर आहे, माणूस पाठवतो म्हणाला आणि पैसे टाकायला म्हणून क्यूआर पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला असता तर माझ्याच खात्यातून गेले असते. कुणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे लांब जातात. जमलं तर घरी बोलवा, चहा पाजा, वाजवू द्या, खरा घेणारा वाजवल्याशिवाय घेत नाही.

लांब पाठवायची असेल तर तारा दोनतीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. प्रवासात सगळ्यात जास्त मोडतो तो हेडस्टॉक, म्हणून केसमधे हेडस्टॉकच्या खाली आणि बाजूला कपडे नाहीतर कागदाचे बोळे गच्च भरा, हलवून बघितल्यावर आतून आवाज यायला नको. प्रीॲम्प (गिटारीतलं आवाज वाढवणारं यंत्र) असेल तर त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी काढून घ्या, ती गळते. भुसावळवरून एवढ्या गाड्या जातात की माझी नायलॉनची गिटार मी स्वतः नाशिकला पोचवून आलो, एक दिवस गेला पण मनाला शांतता मिळाली.

सगळ्याच विकायला पाहिजेत असंही नाही. बेस मी आमच्या गल्लीतल्या एका पोराला दिली, तो बँडमधे कीबोर्ड वाजवायचा आणि बेसला हात लावायला मिळावा म्हणून दुसऱ्याच्या घरी बसून राहायचा. पैसे घेतले नाहीत, एवढंच म्हटलं की नको झाली तर विकू नको, पुढच्याला दे. आता लग्नसराईत वरातीच्या आधी स्टेजवर तिचा आवाज येतो तेव्हा मी गच्चीवर जाऊन ऐकतो.

आणि देताना गिटारीसोबत तिची बॅग, पट्टा, ॲलन की, उरलेला तारांचा सेट सगळं द्या, आपल्याकडे ठेवून काही उपयोग नाही. केसमधे एक चिठ्ठी टाका, तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या) लावल्यात, १० ची की १२ ची, शेवटच्या कधी बदलल्या, ट्रस रॉडला किती फेरा दिला होता, आणि उन्हाळ्यात साबणाच्या डबीत भोकं पाडून ओला स्पंज केसमधे ठेवायचा, पिळून, थेंब पडायला नको.